जेर्देवरून उतरलेला माणूस

बिश्केक, ३ ऑक्टोबर

बैगाझी,

चोवीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. नारीनच्या गाडीवरचा ओस्कोन हे पाकीट तुझ्या दारात आणून देईल. त्याच्या हाती दिलं तेव्हा म्हणाला, "फोन का नाही करत, दादा? दोन मिनिटांचं काम." म्हटलं, "तू गाडी चालव." चोवीस वर्षांनी सख्ख्या भावाशी दोन मिनिटांत काय बोलायचं, ते त्याने मला शिकवू नये.

काल तुझा सिनेमा पाहिला. पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, माझ्या पैशाने. पेपरने पास दिला होता, तो मी परत केला. क्रीडावार्ताहर असलो तरी आमचे संपादक सिनेमावरही लिहायला सांगतात. "उलाकचा, घोड्यांवरून बोकड ओढण्याच्या खेळाचा सिनेमा आहे, तुझ्याइतकं घोड्यांतलं कळतं कुणाला?" असं म्हणाले. त्यांना माहीत नाही तू माझा कोण. मी आजोबांचं नाव लावून लिहितो.

तुझ्या जागी घेतलेला नट इतका देखणा आहे की आपली आई असती तर विचारती, हा कोणाचा मुलगा? छाती ही एवढी, दात पांढरेशुभ्र. तू पंचविसाव्या वर्षी समोरचे दोन दात घालवून बसला होतास. पण ते सोड. पंच्याण्णव सालची नारीनची अंतिम लढत, तीन-तीन बरोबरी, तुझा घोडा लंगडतोय, आणि थोरला भाऊ मैदानाबाहेर आपल्या तांबड्या जेर्देवरून उतरतो, लगाम तुझ्या हातात देतो, तुझं कपाळ हुंगतो आणि म्हणतो, "जा, इनिम, माझ्या धाकट्या, हा तुझाच आहे." मग तू बोकडाचं धड कझानात, त्या गोल मातीच्या कढईत, टाकतोस. थिएटरात बायकांनी डोळ्याला रुमाल लावले. माझ्या शेजारचा जाडा माणूस हुंदके देत सोमसा खात होता.

मी शेवटपर्यंत बसून नावांची यादी वाचली. तुझं नाव, घोड्याचं नाव, प्रशिक्षक मुकाशचं नाव, चहावाल्याचंसुद्धा नाव. माझ्या जागी काय, तर "थोरला भाऊ". बस्स. घोड्याला नाव आहे आणि मला नाही.

मुलाखती देत बसला असशील ना महिनोन्महिने त्या शहरी पोरांना? माझं नाव तोंडातून काढायला एवढं जड गेलं? जेर्दे कुणाचा होता, कुणी तुला दिला, ते निदान आठवतं ना?

एसेनगुल

बिश्केक, ९ ऑक्टोबर

बैगाझी,

उत्तर नाही. ठीक. मोठ्या लोकांना वेळ नसतो.

सोबत कात्रणं पाठवतोय, मुद्दाम. गावात सगळे तुला डोक्यावर घेऊन नाचत असतील, शहरात काय चाललंय तेही तुला कळू दे.

आयपेरी म्हणून एक बाई आहे, हल्ली सगळे तिचंच वाचतात. तिने लिहिलंय, "दीड तासात अकरा वेळा सूर्य मावळतो, आणि दर वेळी कोणीतरी डोंगराकडे बघून रडतं." अल्माटीचा एक समीक्षक लिहितो की या सिनेमात घोडासुद्धा वेळेवर डोळे ओले करतो. तिसऱ्याचं मत असं, की खरी घटना घेतली आणि तिला इतकी साखर घातली, की आता चहात घालायलाही चालणार नाही. आणि तिघांनीही सगळ्यांत जास्त टिंगल केलीय ती लगाम देण्याच्या प्रसंगाची. मी हे वाचून एकटाच हसलो. रात्री झोप छान लागली. खोटं कशाला सांगू?

माझंही लिखाण आहे त्यात. तेही वाच. सगळ्यांत जास्त माझंच गाजलं. शेवटच्या प्रसंगाबद्दल मी लिहिलं: "मी घोड्यांत वाढलो. कोणताही स्वार, मग समोर भाऊ असो की बाप, अंतिम लढतीच्या शेवटच्या मिनिटांत आपल्या घोड्यावरून आपणहून उतरत नाही. असा माणूस डोंगरात जन्मत नाही, तो फक्त दिग्दर्शकाच्या डोक्यात जन्मतो." संपादकांनी पाठ थोपटली. मग हळूच म्हणाले, "बायको मात्र तुझ्यावर चिडलीय. ती दोनदा बघून आली आणि दोन्ही वेळा रडली, त्याच जागी."

त्याच जागी! हाच तर सगळा ताप आहे. लोक तुझ्यासाठी रडत नाहीत, बैगाझी. तू जिंकतोस तेव्हा टाळ्या पडतात, पण रडतात तो दुसरा खाली उतरतो तेव्हा. आमच्या इमारतीतली रखवालदारीण बाई काल जिन्यात मला थांबवून म्हणाली, "त्या बिचाऱ्याचं पुढे काय झालं हो? धाकट्याचं नाव झालं, थोरल्याला कोणी विचारलंही नसेल." मी म्हटलं, "असेल कुठेतरी." ती म्हणाली, "असा भाऊ देव सगळ्यांना देवो." आणि मी तिच्यासमोर किल्ली शोधत उभा राहिलो.

उत्तर लिही. दोन ओळी.

एसेनगुल

बिश्केक, १७ ऑक्टोबर

तुला शेवटी लिहायचंच नव्हतं, तर ऐक मी काय केलं ते.

आज पेपरात माझा दुसरा लेख आलाय. मथळा आहे, "जेर्देवरून उतरलेल्या माणसाला नाव आहे". मी आजोबांचं नाव बाजूला ठेवलं आणि खाली खरं नाव लिहिलं. तेरेक-बुलाकचा एसेनगुल, बैगाझीचा थोरला भाऊ, जेर्देचा मालक. आपल्या वडिलांनी तो शिंगरू असताना माझ्या हाती दिला, मी त्याला तीन हिवाळे माझ्या हाताने चारा घातला, तेही लिहिलं. तेवढं खरं आहे.

संपादकांनी कात्रण नाचवत विचारलं, "काय रे, आठवड्यापूर्वी म्हणालास असा माणूस जन्मतच नाही, आणि आज म्हणतोस तो मीच!" सगळी कचेरी हसली. मी म्हटलं, "विनयामुळे तसं लिहिलं होतं." यावर ते आणखी हसले. पण दुपारपर्यंत हसू थांबलं, कारण फोन सुरू झाले. आयपेरीबाईंनी स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, "मी त्या प्रसंगाची टिंगल केली, माफ करा. खरं घडलं असेल तर ती साखर नव्हेच." रखवालदारीण बाईने बोर्सोकची थाळी आणून दिली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मी साठीला आलो, आयुष्यात कोणी माझा हात तसा धरला नव्हता.

संध्याकाळी जिल्ह्याच्या प्रमुखाचा फोन आला. शनिवारी, सव्वीस तारखेला, आपल्या गावच्या मैदानावर मोठा समारंभ आहे. सिनेमावाले येणार. दोन्ही भावांना शेजारी बसवणार, दोघांच्या अंगावर मानाचा झगा, चापान, घालणार, आणि थोरल्याला एक घोडा देणार, तांबडा, "उतरला त्याची भरपाई म्हणून", असं म्हणाले.

आता बोल. तुझ्याशेजारी, त्याच ओट्यावर, त्याच टाळ्या. चोवीस वर्षं लोकांनी एकाच भावाचं नाव घेतलं, आता दोघांचं घेतील. तुला हे खुपणार असेल तर खुपू दे.

एसेनगुल, तुझा वगळलेला भाऊ

बिश्केक, १९ ऑक्टोबर

बैगाझी,

आज सकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. तिने नंबर ओस्कोनकडून घेतला. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तुझ्या लग्नाला मी आलो नव्हतो, हे तुला सांगायला नको. आवाज ऐकून वाटलं, एखादी लाजरी शाळामास्तरीण असावी. मग तिने तोंड उघडलं आणि तो समज गेला.

"भावजी," ती म्हणाली, "तुमची तीन पत्रं आली. पण आता चौथं जरा जपून लिहा, कारण वाचून मीच दाखवते."

मी विचारलं, "का? त्याचे डोळे गेले काय?"

"डोळे आहेत. वाचा गेली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत घोड्याला पाणी पाजताना पडले, उजवी बाजू लुळी पडली. अक्षरं दिसतात पण जुळत नाहीत म्हणतात डॉक्टर. बोलायला जातात आणि नुसता आवाज निघतो."

मी खुर्चीवर बसलो. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. आणि मी तुला लिहिलं होतं, माझं नाव तोंडातून काढायला जड गेलं का. मला कोणी का नाही कळवलं, असं विचारणार होतो. पण कोणी कळवायचं आणि कोणत्या तोंडाने, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे.

"मग तू माझं सगळं वाचून दाखवलंस त्याला?" मी विचारलं.

"सगळं कसं वाचीन? जिथे जिथे तुम्ही टाकून बोललात, तिथे मी वाचलं, 'इकडे हवा थंड झाली आहे.' एका पत्रात चार वेळा थंड झाली तेव्हा हे हसायला लागले. पडल्यानंतर पहिल्यांदा." ती स्वतःही हसली. "भावजी, सिनेमावाल्यांना यांनी काही सांगितलेलं नाही. कसं सांगतील? सगळं मी सांगितलं. ती मुलगी वही घेऊन बसली आणि म्हणाली, दिराचं नाव काय? मी म्हटलं, बाई गं, मी मोठ्या दिराचं नाव कसं घेणार? बाहेर कोणालाही विचार. तिला वाटलं मी थट्टा करतेय. तिने हसून लिहून घेतलं, थोरला भाऊ. बाहेर जाऊन विचारलंच नाही तिने कोणाला. चूक तिची नाही, शहरात वाढलेली पोर. चूक झाली असेल तर माझी. तुम्हाला एवढं लागलं असेल असं मला वाटलं नव्हतं."

बैगाझी, मी याच रीतीत वाढलो. आपल्या आईने आबांच्या थोरल्या भावाचं नाव मरेपर्यंत घेतलं नाही, घरात सगळे त्याचं नाव घेत असले तरी ती त्याला "वरच्या घरचे" म्हणायची, हे मी रोज ऐकलंय. तरी माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे असंही असू शकतं. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात, मला वाटतं तो बहिराही करतो. एका बाईने, जिने माझं तोंड पाहिलेलं नाही, बावीस वर्षं माझा मान म्हणून माझं नाव जिभेवर येऊ दिलं नाही, आणि मी त्याचाच अपमान समजून पेपरभर बोंब मारली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मी फोन ठेवणार होतो. पण ती म्हणाली, "आणखी एक, भावजी. तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत ना, असा कोणी घोड्यावरून उतरत नाही म्हणून? ते मला नाही आवडलं. आपलंच चांगुलपण माणसाने असं खोटं पाडू नये. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हे मला ती गोष्ट सांगतायत. मुलांना झोपवताना तीच. तुम्ही कसे उतरलात, लगाम कसा दिलात, कपाळ कसं हुंगलंत. त्यांच्या हाताची ती दोन बोटं वाकडी आहेत ना, मुलं विचारायची कशी वाकडी झाली. तर म्हणायचे, पलीकडच्या संघातल्या एकाचा चाबूक लागला, पण माझ्या भावाचा घोडा खाली होता म्हणून दुखलं नाही."

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा म्हटलं, इकडेही हवा थंड झाली आहे.

ए.

बिश्केक, २३ ऑक्टोबर

बैगाझी, आणि झिपार, कारण हे तूच वाचणार आहेस,

चार दिवस कागद समोर ठेवून बसलो. जिल्ह्याच्या प्रमुखाला समारंभ रद्द करा म्हणून सांगायला दोनदा फोन उचलला. आजारी आहे, असं सांगणं सोपं होतं. त्यांनी घोडा घरी पाठवला असता आणि गोष्ट तशीच राहिली असती, गोड. तुमच्या मुलांनी पुढे त्यांच्या मुलांना सांगितली असती.

झिपार, यातलं एकही वाक्य गाळू नकोस. मुलांनाही बोलाव.

जेर्दे मी दिला नाही.

तुझा घोडा लंगडायला लागला, बैगाझी, तेव्हा आपण दोघं मालट्रकांच्या मागे होतो, लोकांच्या नजरेआड. राखीव घोडे थकून गेले होते. मुकाश आला आणि म्हणाला, "एसेनगुल, उतर. बैगाझीला दे. तू आज दोनदा कझान चुकलास." ते खरं होतं. दोनदा चुकलो होतो, आणि दोन्ही वेळा गर्दीतून तुझं नाव आलं होतं: बैगाझीला द्या, बैगाझीला द्या. मी म्हटलं, "घोडा माझा आहे." मुकाशने परत सांगितलं. तू फक्त लगामाला हात घातलास.

मी चाबूक उगारला. पहिला फटका तुझ्या हातावर बसला तेव्हा तू लगाम सोडलास. दुसरा मी तू सोडल्यावर मारला. हे मी आजवर कोणालाही सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. पहिला रागाचा म्हणता येईल. दुसरा मात्र मी नेमका त्या बोटांवर धरून मारला, ज्या बोटांनी तू बोकड उचलायचास.

मुकाशने मला कमरपट्टा धरून खाली ओढलं. मी उतरलो नाही, मला उतरवलं. तू रक्त आलेल्या हाताला रुमाल गुंडाळलास, माझ्या घोड्यावर बसलास आणि माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तू काहीतरी बोलशील. तू चाबूक दातांत धरलास आणि गेलास.

मी गाडीमागेच उभा राहिलो. सगळं खोरं तुझ्यासाठी देवाला हात जोडत होतं आणि मी माझ्या घोड्याला मनात सांगत होतो: पाड त्याला. जेर्दे माझं ऐकायचा, शिंगरू असल्यापासून ऐकायचा. त्या दिवशी त्याने ऐकलं नाही. मग आरडाओरडा झाला आणि तुझं नाव डोंगरावर आपटून परत आलं. महिन्याच्या आत मी गाव सोडलं. लोकांना वाटलं, शहरात नोकरी लागली.

मुकाश तीन वर्षांनी गेला. त्याने कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. तुझ्यापाशी माझं नाव कायमचं मातीत घालण्याएवढी गोष्ट होती, आणि तू तिची अंगाई केलीस.

मला वाटायचं तू मला विसरलास. विसरला असतास तर मी सुखात राहिलो असतो. तू मला रोज रात्री पोरांपुढे चांगला माणूस करत होतास, हे मला सहन होत नाही. आजही होत नाही. तुझ्या नावाचा मत्सर मी आयुष्यभर केला, पण या आठवड्यात ज्याचा केला तसा कोणाचाच नाही: तुझ्या गोष्टीतल्या त्या थोरल्या भावाचा. तो उतरला. मी नाही.

समीक्षकांनी बरोबर ओळखलं होतं. सिनेमात एकच जागा खोटी होती आणि सगळ्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्यांना वाटलं, ती साखर दिग्दर्शकाने घातली. आज पेपराला मी तिसरा मजकूर दिलाय. संपादकांनी वाचला आणि या वेळी हसले नाहीत. विचारलं, "छापू?" मी म्हटलं, "शनिवारी सकाळी छापा." आयपेरीबाईंनाही कळवलं, की त्यांची माफी परत घेतली तरी चालेल.

शनिवारी मी येतोय. पहाटेच्या गाडीने, ओस्कोनबरोबर. चापान अंगावर घालू देणार नाही, घोडा घेणार नाही. मैदानावर सगळ्यांसमोर उभा राहून हेच सांगणार आहे. तू हात हलवून मला थांबवायचा प्रयत्न करशील, मला ठाऊक आहे. करू नकोस. लहानपणापासून तू मला सांभाळून घेत आलास, निदान एवढं एक काम मला माझं करू दे.

पण मैदानाआधी हे तुझ्या घरात ऐकलं जायला हवं. म्हणून हे पत्र पुढे पाठवतोय.

झिपार, तू बावीस वर्षं माझं नाव घेतलं नाहीस. त्या मानाला मी कधीच लायक नव्हतो. आता एकदाच, रीत मोडून, मुलांना ऐकू जाईल असं घे. दोष माझ्यावर. त्याचा उजवा हात तुझ्या हातात धर, ती दोन बोटं मुलांना दाखव, आणि पुढचं वाक्य लिहिलंय तसंच वाच.

हा चाबूक एसेनगुलने मारला.